दिवाळीची नानकटाई आणि मधुमेह : कमी कर्बोदके, कमी खर्च

दरवर्षी दिवाळी आटोपली की तुळशीच्या लग्नापर्यंतच्या दिवसांत आमच्या मधुमेह बाह्यरुग्ण विभागातील रांग नेहमीपेक्षा लांब असते. रुग्ण तपासणीचा कागद टेबलावर ठेवतात आणि डॉक्टरांनी तो उघडण्याआधीच म्हणतात, "दिवाळी झाली ना, डॉक्टर." या एका वाक्यात कबुलीही असते आणि माफीची अपेक्षाही. त्यापेक्षा अधिक काळजी वाटते ती रांगेत न दिसणाऱ्या रुग्णांची. साखर वाढलेली असणार, बोलणी खावी लागणार, म्हणून काही मंडळी दिवाळीनंतरची तपासणीच पुढे ढकलतात आणि मार्गशीर्ष संपता संपता पायाची जखम किंवा अंधूक झालेली नजर घेऊन येतात.

पूर्वी आमचा सल्ला साधा होता : फराळ बंद. सल्ला चुकीचा नव्हता, परंतु तो पाळला जात नसे. जो पदार्थ घरात आठ दिवस सर्वांसमोर डब्यात भरून ठेवलेला आहे, जो शेजारीपाजारी ताटातून जातो आणि येतो, तो एकट्या आजोबांनी खाऊ नये असे सांगणे सोपे असते. पण त्यामुळे आजोबा तो लपून खातात. लपून खाल्लेल्याचा हिशेब राहत नाही. म्हणून गेली काही वर्षे आमचा आहार विभाग दिवाळीच्या सुमारे तीन आठवडे आधी रुग्णांसाठी आणि विशेषतः त्यांच्या घरच्यांसाठी एक विनामूल्य वर्ग घेतो. या वर्गात काय शिकवतो, का शिकवतो आणि तो शिकवताना आम्ही स्वतः काय शिकलो, हे आमचे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे सांगण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतील आहारविषयक भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः भात, पोळी, भाकरी आणि साखर यांतून येतात, असे त्यात दिसून आले. जेथे रोजच्या ताटातच कर्बोदके इतकी, तेथे सणाचा फराळ हा त्यावरचा अधिकचा भार ठरतो.

पिठांची ओळख

रक्तातील साखर मुख्यतः वाढवतात ती कर्बोदके. साखर हे त्यांचे उघड रूप आहे, पीठ हे झाकलेले. आमच्या वर्गातील पहिला अर्धा तास या झाकलेल्या रूपाची ओळख करून देण्यातच जातो, कारण बहुतेक घरांत "गोड नाही ना, मग चालेल" हाच नियम असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे शंभर ग्रॅम पदार्थात कर्बोदके साधारण अशी : तांदूळ ७८ ग्रॅम, पोहे ७७, मैदा ७४, रवा ६८, कणीक ६४. नाचणी ६७ आणि ज्वारी ६८. गूळ ८५. चण्याची डाळ ४७. शेंगदाणे १७. तीळ ११ आणि सुके खोबरे अवघे ८.

यातील नाचणीच्या आकड्यावर वर्गात हमखास कुजबुज होते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तंतुमय पदार्थ चांगले. रोजच्या जेवणात तिला आम्ही आनंदाने जागा देतो. परंतु "मधुमेहींसाठी" अशी चिठ्ठी लावलेले नाचणीचे बिस्कीट हे शेवटी पीठ, तूप आणि साखर यांचेच असते. गुळाचेही तसेच. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून लाडू मधुमेहींना चालतो, हा समज आमच्या अनुभवात सर्वांत चिवट आहे. त्याच्यापुढे आम्ही दरवर्षी हरतो आणि दरवर्षी पुन्हा सांगतो.

आकड्यांचा दुसरा अर्थ अधिक आशादायक आहे. यादीच्या तळाशी असलेले पदार्थ, म्हणजे शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चण्याची डाळ, हे परदेशी नाहीत, महाग नाहीत आणि मराठी स्वयंपाकघराला नवखे तर मुळीच नाहीत. कमी कर्बोदकांच्या बेकिंगची जी पुस्तके व चित्रफिती हल्ली पाहायला मिळतात, त्यांत सरसकट बदामाचे पीठ असते. आमच्याकडे येणाऱ्या घरांना ते परवडणारे नाही. एक किलो बदामाच्या पैशांत चार-पाच किलो शेंगदाणे सहज येतात, आणि भाजून साल काढलेल्या शेंगदाण्याचा कूट बेकिंगमध्ये बदामाच्या पिठाच्या अगदी जवळचे काम करतो. त्याला स्वतःची चव आहे हे खरे. पण ती चव आपल्या ओळखीचीच आहे.

भट्टी

फराळातील बहुतेक पदार्थ तळणीचे किंवा पाकाचे. भाजला जाणारा जिन्नस एकच आणि तो म्हणजे नानकटाई. सुरतेकडून आलेली मानली जाणारी ही खटाई महाराष्ट्रातील गावोगावच्या पाव-भट्ट्यांनी आपलीशी केली. दिवाळीच्या आधी तूप, साखर, रवा, मैदा पिशवीत घालून बेकरीत जायचे, आपला क्रमांक लावायचा, समोर पीठ मळून घ्यायचे आणि गरम खटाया पत्र्याच्या डब्यात भरून आणायच्या, ही आठवण पन्नाशीपुढच्या प्रत्येकाजवळ असते. घरात ओव्हन नसलेल्या कुटुंबांनी सामाईक ओव्हन वापरण्याची ही पद्धत होती. आम्ही तिचाच आधार घेतला. रुग्णालयाजवळच्या एका बेकरीच्या मालकांनी दुपारच्या वेळेत भट्टी वापरू देण्याचे मान्य केले.

वेळ दुपारची निवडण्यामागे कारण आहे. सकाळच्या पावासाठी भट्टी फार तापलेली असते. पाव निघाल्यावर ती हळूहळू उतरत जाते आणि दुपारपर्यंत मंद, सर्व बाजूंनी सारखी ऊब उरते. शेंगदाणे आणि बेसन यांना नेमकी तीच लागते. मैद्यापेक्षा ते लवकर लाल होतात. जास्त आचेत वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. पहिल्या वर्षी आम्ही हे कारागिरांना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग पत्रा भट्टीच्या तोंडाजवळ सरकवला. त्यांना ते आमच्याआधीच ठाऊक होते.

घरी करायचे असल्यास जुनी युक्ती चालते. जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, त्यावर तिवई ठेवावी, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे आणि मग तूप लावलेली थाळी आत ठेवून मंद आचेवर वीस मिनिटांपर्यंत भाजावे. कुकर असल्यास रबराचे कडे आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. बंद कुकर कोरडा तापवू नये.

एका नानकटाईचा हिशेब

प्रचलित नानकटाईचे एक प्रमाण घेऊ : पाव किलो मैदा, दोनशे ग्रॅम पिठीसाखर, दोनशे ग्रॅम तूप. पंचवीस ग्रॅमची एक याप्रमाणे सव्वीस नग होतात. मैद्यातून १८५ ग्रॅम आणि साखरेतून २०० ग्रॅम कर्बोदके येतात. एका नगात सुमारे १५ ग्रॅम. एका लहान पोळीत साधारण इतकीच असतात. हे सांगितल्यावर वर्गात थोडी शांतता पसरते. चहाबरोबर चार नानकटाया खाणारा मनुष्य चार पोळ्या जास्तीच्या खातो आहे, असा विचार कोणी केलेला नसतो. शिवाय दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे आणखी १० ग्रॅम.

आमचे प्रमाण असे आहे. बेसन दीडशे ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट दीडशे ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस पन्नास ग्रॅम, तूप ऐंशी ग्रॅम, पिठीसाखर साठ ग्रॅम, दोन मोठे चमचे घट्ट दही, चिमूटभर खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडे सढळ हाताने जायफळ. वीस ग्रॅमची एक, म्हणजे साधारण पेढ्याएवढी, याप्रमाणे सव्वीस नग होतात. कर्बोदके बेसनातून ७०, शेंगदाण्यांतून २६, खोबऱ्यातून ४ आणि साखरेतून ६० ग्रॅम. एकूण १६० आणि एका नगात सुमारे ६ ग्रॅम.

पंधरावरून सहावर आलो, असे सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. पण त्यातील काही भाग नग लहान केल्याचा आहे, हे आम्ही वर्गात स्पष्ट सांगतो. वजनास वजन धरले तर कर्बोदके निम्म्याच्या आसपास येतात, आणि तेही काही थोडके नाही. दुसरी गोष्ट अशी की उष्मांकांत फारसा फरक पडत नाही. शेंगदाणे आणि खोबरे यांत स्निग्धांश पुष्कळ असल्यामुळे आमची वीस ग्रॅमची नानकटाई जवळजवळ शंभर उष्मांकांची होते. मैद्याची तेवढ्याच वजनाची त्याहून जेमतेम वरचढ. म्हणजे रक्तातील साखरेच्या दृष्टीने ती बरी, परंतु वजनाच्या दृष्टीने ती नानकटाईच आहे. दिवसाला दोन, हे आमचे प्रमाण आहे. "कमी साखरेची आहे, मग सहा खाल्ल्या" असे सांगणारे रुग्ण आम्हाला भेटले आहेत आणि त्यांच्या तपासणीचे कागदही आम्ही पाहिले आहेत.

कृतीतील काही बारकावे सांगणे आवश्यक आहे, कारण या पिठाला मैद्याप्रमाणे चिकटपणा नसतो. बेसन आधी मंद आचेवर कोरडेच भाजून पूर्ण निववावे, म्हणजे कच्चा वास जातो. शेंगदाणे एकटे मिक्सरमध्ये फिरवत राहिल्यास तेल सुटून गोळा होतो. त्यात थोडे बेसन टाकून थांबत थांबत फिरवावे. तूप आणि साखर हाताने चांगली फेटून मग पिठे मिसळावीत, दही शेवटी घालावे आणि गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. साखर कमी असल्यामुळे ही नानकटाई भट्टीत आपोआप पसरत नाही आणि तिला त्या ओळखीच्या भेगाही पडत नाहीत. म्हणून आधीच तळव्याने दाबून घ्यावी. भाजून निघाल्यावर किमान अर्धा तास पत्र्यावरून उचलू नये. गरम असताना हात लावला की ती मोडते, आणि मोडलेले तुकडे कोण खातो, हे पुढे सांगतो.

शेंगदाण्यांच्या बाबतीत काटकसरीची एक मर्यादा आहे. सुटे, स्वस्त मिळणारे शेंगदाणे निवडूनच घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्यावेत. त्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. तसेच कूट आणि खोबरे लवकर खवट होतात. मैद्याच्या नानकटाईप्रमाणे महिनाभर डबा पुरवायचा विचार करू नये. हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस, इतकेच.

तुपाविषयी नेहमी विचारणा होते. वनस्पती तूप स्वस्त पडते. त्यातील ट्रान्स फॅटवर १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीइतकी भीती राहिलेली नाही. तरी प्रमाण ऐंशी ग्रॅमच असल्याने घरचे साजूक तूप परवडते, असा बहुतेक घरांचा अनुभव आहे. शेंगदाण्याचे तेल वापरून आम्ही पाहिले. पत्र्यावर सगळ्या खटाया एकमेकींना चिकटून एकच मोठी पोळी झाली. ती चवीला वाईट नव्हती.

खर्चाचा आणखी एक मुद्दा. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिले होते. त्या वर्षी वर्गात आलेल्या अनेक घरांत तोच शिधा फराळाचा मुख्य आधार होता. त्या चार वस्तूंतून मधुमेही माणसाच्या उपयोगाची एकच, ती म्हणजे चणाडाळ. ती भाजून गिरणीतून दळून आणली की किलोभर बेसन होते आणि पिशवीतल्या तयार बेसनापेक्षा चांगले होते. गिरणीत आधीच्या दळणाचे तांदळाचे किंवा गव्हाचे पीठ मिसळणार नाही, इतके पाहावे.

साखरेचे पर्याय

साखर अजिबातच काढून तिच्या जागी कृत्रिम गोडी का वापरत नाही, असा प्रश्न देणगीदारांपैकीही काहींनी विचारला. बेकिंगमध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. खुसखुशीतपणा, रंग आणि आकार तिच्यावर अवलंबून असतात. ती पूर्ण काढली की नानकटाईचा भुगा होतो. ॲस्पार्टेम उष्णतेने विघटित होऊन त्याची गोडी नाहीशी होते. सुक्रालोज त्या मानाने टिकते. साठ ग्रॅम साखर सव्वीस नगांत वाटली की एका नगात जेमतेम अर्धा चहाचा चमचा येतो. तेवढ्यासाठी वेगळी, महाग वस्तू विकत आणावी, असे आम्हाला वाटत नाही. जायफळ, वेलची आणि चिमूटभर मीठ यांमुळे कमी साखरही पुरेशी गोड लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडींचा वापर करू नये अशी शिफारस केली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हेही तिथे स्पष्ट केले आहे. म्हणून ज्यांना चहात वापरायची सवय आहे त्यांना आम्ही अडवत नाही. मात्र दुकानातील "शुगर-फ्री" मिठाई हे प्रकरण वेगळे आहे. त्यात खवा असतो, मैदा असू शकतो, आणि कित्येकदा माल्टिटॉलसारखी गोडी असते, जी साखरेपेक्षा कमी, पण रक्तातील साखर वाढवतेच; शिवाय जास्त खाल्ल्यास पोट बिघडवते. किंमत मात्र नेहमीच्या मिठाईहून अधिक असते.

आमच्याकडून राहून गेलेली गोष्ट

येथे एक प्रसंग नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. वर्ग सुरू झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सत्तरीच्या एका आजींना अपघात विभागात आणण्यात आले. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत असलेले, नातवाला त्या दुसऱ्याच नावाने हाक मारत होत्या. रक्तातील साखर अतिशय खाली गेली होती. आजी आमच्या वर्गाला आल्या होत्या. संध्याकाळी नातवंडांबरोबर फराळ करता यावा म्हणून त्यांनी दिवसभर कर्बोदके "वाचवली" होती : सकाळी फक्त चहा, दुपारी काकडीची कोशिंबीर. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली होती. घाम फुटल्यावर घरच्यांनी घाईने तोंडात काही गोड घातले; ती होती आजींसाठी मुद्दाम आणलेली शुगर-फ्री बर्फी. तिचा उपयोग होण्यासारखा नव्हता.

आजी शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सावरल्या आणि दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. परंतु चूक त्यांची नव्हती. कर्बोदके कमी करा, एवढेच आम्ही शिकवले होते. गोळीचे काय करायचे, हे सांगितले नव्हते.

त्या वर्षापासून वर्गाची सुरुवात पाककृतीने होत नाही. प्रत्येक रुग्णाची औषधांची चिठ्ठी आधी पाहिली जाते. इन्शुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातील कर्बोदके एकदम कमी करू नयेत आणि गोळी घेऊन उपाशी तर कधीही राहू नये. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके फार कमी केल्यास रक्तात आम्ले साचण्याचा धोका असतो. त्यांनाही स्वतंत्रपणे समजावले जाते. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे त्यांच्यासाठी बेसन आणि शेंगदाणे यांतील प्रथिने, फॉस्फरस व पोटॅशियम जास्त ठरू शकतात. त्यांनी ही नानकटाई आहारतज्ज्ञांना विचारूनच खावी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी अर्थातच खाऊ नये. आणि घरातील प्रत्येकाने हे पाठ करावे : घाम, थरथर, भूक, गोंधळ यांपैकी काही दिसले तर खरी साखर, तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. हे अभ्यंगस्नानाच्या सकाळी विशेष लक्षात ठेवावे, कारण पहाटे उठून, गोळी घेऊन, स्नान, पूजा, देवदर्शन होईपर्यंत पोटात काहीच गेलेले नसते. आणि मग उपाशीपोटी एकदम फराळाचे पूर्ण ताट येते. दोन्ही टोके वाईट.

एकच डबा

सुरुवातीला आम्ही "मधुमेहींचा फराळ" असा शब्द वापरत होतो. तो आता वापरत नाही. आजोबांचा वेगळा डबा केला की तो डबा कोपऱ्यात जातो आणि आजोबा मोठ्या डब्याकडे. निवृत्त एस. टी. चालक असलेले आमचे एक रुग्ण म्हणाले होते की, वेगळ्या डब्यातले खाताना रुग्णालयातच बसल्यासारखे वाटते. त्यांच्या पत्नीने पुढच्या वर्षी सगळ्या घरासाठी हीच नानकटाई केली आणि वेगळी आहे हे कोणाला सांगितलेच नाही. मुलांनी "या वर्षी बदाम घातलेत का" असे विचारले, हे त्यांनी वर्गात येऊन मोठ्या अभिमानाने सांगितले.

आणि मोडलेले तुकडे. फराळ करणारी बाई दिवसभर चुलीशी असते. जेवणाची वेळ टळते आणि पोट भरते ते मोडक्या करंज्या, तुटलेल्या चकल्या, लाडवाचा चुरा यांवर. हे खाणे तिच्या स्वतःच्याही गणतीत नसते. आमच्या स्त्री-रुग्णांचे दिवाळीतले वाढलेले आकडे आम्हाला बराच काळ कोड्यात टाकत, कारण "मी तर फराळाला बसलेही नाही" असे त्या खरेपणाने सांगत. आता वर्गात आम्ही एक रिकामी वाटी ठेवतो. मोडलेले तुकडे तोंडात न जाता वाटीत जातात आणि शेवटी वजन करून दाखवतो. हशा होतो, पण आकडा सर्वांच्या लक्षात राहतो.

इतर पदार्थांविषयी थोडक्यात. चिवड्यात पोहे निम्मे करून शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वाढवावेत. पोह्यांऐवजी कुरमुरे किंवा मखाणे घेतल्याने कर्बोदकांत विशेष फरक पडत नाही, ते फक्त हलके असल्याने वाटी लवकर भरते. करंजीचे खोबरे-तिळाचे सारण तिच्या आवरणापेक्षा चांगले. तेच कमी साखरेत, आवरणाशिवाय, वडी म्हणून थापता येते. बेसन लाडू साखर कमी करून लिंबाएवढा वळावा. भाजलेली शंकरपाळी बेसन आणि सोयाबीनच्या पिठाची करून पाहिली, ती बऱ्यापैकी जमते. सोयाबीन मात्र चांगले भाजूनच दळावे, नाहीतर उग्र वास राहतो आणि पचनालाही ते जड जाते. चकलीने आम्हाला अजून दाद दिलेली नाही. भाजणीत तांदूळ कमी करून डाळी वाढवल्या की ती भट्टीत एक तर वातड होते किंवा दगडासारखी, आणि तळली की तेल पिते. यावर कोणाकडे खात्रीचा उपाय असल्यास आहार विभागात अवश्य कळवावा.

या वर्षीचा वर्ग कोजागरी पौर्णिमेच्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागाच्या सभागृहात भरेल. नेमकी तारीख सूचना फलकावर लावली जाईल. शुल्क नाही. येताना औषधांची चालू चिठ्ठी, शेवटच्या तपासणीचा कागद, पाव किलो निवडलेले शेंगदाणे आणि झाकणाचा एक डबा आणावा. शक्यतो घरात फराळ जे करतात त्यांनी यावे. मधुमेह त्यांना असो वा नसो.